पत्रावळ मोबाइलवर लावताना

जुन्या बालपुस्तकातला एखादा प्रसंग घेऊन पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ गेम दोन-तीन माणसांना घरबसल्या करता येतो, असे गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यावर कोल्हापूर आणि पंचक्रोशीतून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच जणांच्या मनात ‘श्यामची आई’ आहे, म्हणून उत्तरेही त्याच पुस्तकाला धरून दिली आहेत. दुसरे पुस्तक घेणाऱ्यांनी आपापला हिशोब बदलून घ्यावा.

प्रश्न : चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ‘श्यामची आई’वर गेम करायचा आहे. पुस्तकात ४२ रात्री आहेत. सगळ्या घेणे शक्य नाही. सहकारी म्हणतात, तळपायाचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, तोच घ्या. तुमचे मत काय?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : बाई, एकच रात्र घ्या हे नक्की, पण तळपायाची घेऊ नका. प्रसंग गाजलेला आहे म्हणून तो खेळता येतो असे नसते. त्या प्रसंगात श्याम अंघोळ करून उभा आहे, आई ओचे पसरते, तो त्यावर पाय ठेवतो आणि आई एक वाक्य बोलते. सगळे बळ त्या वाक्यात आहे. खेळणाऱ्या मुलाच्या हाताला त्यात काम काय? काहीच नाही. मग कुणीतरी सुचवतो, ‘चिखल चुकवत उड्या मारायला लावू, पाय मळला की एक जीव कमी.’ झाले, प्रसंगाची थट्टा झाली.

पुस्तक पुन्हा वाचा आणि प्रत्येक रात्रीपुढे पेन्सिलीने एकच क्रियापद लिहा : या प्रकरणात हात काय करतात? बऱ्याच रात्रींपुढे ‘ऐकतो’, ‘रडतो’, ‘बोलतो’ असेच येईल. ती प्रकरणे वाचायची, खेळायची नव्हेत. सातवी रात्र ‘पत्रावळ’. तिथे मात्र पाने उचलायची, फिरवायची, एकावर एक धरायची आणि चोयीने, म्हणजे बांबूच्या बारीक काडीने, टाके घालायचे आहेत. श्यामला ते येत नाही, मग तो शिकतो. खेळणाऱ्यालाही येत नाही, तोही शिकतो. पुस्तकातला मुलगा आणि पडद्यापुढचा मुलगा एकाच अडचणीत असले की गेम निम्मा झाला म्हणून समजा.

आता ही पत्रावळ प्रत्यक्षात कशी बांधायची ते पाहू. मध्ये एक मोठे पान आणि भोवती सहा. सहा पानांचे मधले अंतर ६० अंश येते. पानाचे चित्र असे काढा की वर्तुळाच्या मध्यापासून ते ८० अंशांची जागा व्यापेल. म्हणजे नीट लावल्यावर शेजारची दोन पाने एकमेकांवर २० अंश येतात, आणि टाका घालायला तेवढी जागा पुरते. मुलाने पान बोटाने ओढायचे, दुसऱ्या बोटाने किंवा कडेच्या बाणाने फिरवायचे. शेजारच्या दोन पानांतले अंतर ७० अंशांपुढे गेले की टाका धरत नाही, ८० पुढे गेले की सरळ फट. ही फट तेव्हाच दाखवू नका. सगळी पाने लागल्यावर भात आणि आमटी वाढा. जिथे फट असेल तिथून आमटी जमिनीवर ओघळू द्या. ‘तू हरलास’ असली पाटी लागतच नाही. पोराला आपली चूक वाहताना दिसते.

टाका घालताना बोट एका पानावरून दुसऱ्यावर न्यायचे. फार जोरात ओढले तर पान फाटावे. त्याशिवाय हाताला सांभाळून काम करण्याची सवय लागत नाही. इथे हमखास एक घोटाळा होतो. वेग मोजताना फोनच्या पडद्याचे खरे पिक्सेल धरले जातात. मग तुमच्या जुन्या फोनवर खेळ ठीक चालतो आणि पालकांच्या नव्या, दाट पडद्याच्या फोनवर प्रत्येक पान फाटते. म्हणून वेग नेहमी गेमच्या मूळ मापात मोजा, आणि दोन फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये, गेलेला खरा वेळ धरून भागाकार करा. मूळ माप १२८० बाय ७२० धरले तर सेकंदाला ९०० एककांपासून सुरुवात करून मुलांच्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा. ढिगात दहा पाने ठेवा : सात लागतात, तीन फाटायला.

पान जागेवर आपोआप चिकटवायचे की नाही, यावर तुमच्यात वाद होईल. पूर्ण चिकटवले तर ते जिगसॉ कोडे होते आणि पत्रावळ उरत नाही. सुरुवातीला बरोबर जागेच्या ६ अंशांच्या आत आले तरच चिकटू द्या, आणि तीनदा आमटी गळाली की गुपचूप ही सूट १५ अंशांवर न्या. ‘सोपे करू का?’ असे विचारू मात्र नका. चौथीतले पोर कधीच ‘हो’ म्हणत नाही.

संगणकाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याची सात पाने कापा, टाचण्या घ्या आणि वर्गातल्या मुलांना लावायला द्या. खरी पळसाची पाने आणि चोय मिळाली तर फारच छान. मुले कुठे अडतात, पान उलटे धरतात का, टाका आतून घालतात की बाहेरून, हे तिथेच कळते, आणि तिथे बदल करायला दोन मिनिटे लागतात. गेममध्ये तोच बदल दोन संध्याकाळी खातो.

प्रश्न : साने गुरुजींच्या पुस्तकावर गेम करायला कुणाची परवानगी लागते? १९५३ च्या चित्रपटातले गाणे मागे वाजवले तर चालेल का?
– दोन मित्र, इचलकरंजी

उत्तर : भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणजे २०१० संपेपर्यंत हक्क होता, १ जानेवारी २०११ पासून मूळ मजकूर सर्वांना खुला झाला. त्यावर गेम करायला भारतात परवानगी लागत नाही.

पण ‘मूळ मजकूर’ म्हणजे मूळ मजकूरच. आज दुकानात मिळणाऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ, आतली चित्रे, नवी प्रस्तावना, टिपा यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांचे असतात. दुसऱ्या कुणी केलेले संक्षिप्त रूपांतर किंवा भाषांतर असेल तर त्याचाही हक्क स्वतंत्र. म्हणून करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात जुनी आवृत्ती शोधा, तिच्यावरून मजकूर टाइप करा आणि चित्रे स्वतःची काढा. पात्रांचे चेहरे चित्रपटावरून उचलू नका. परदेशी पुस्तकांतही हाच फास असतो. ऑझच्या जादूगाराच्या गोष्टीत डोरोथीचे बूट १९०० च्या पुस्तकात चांदीचे आहेत. माणकांचे लाल बूट १९३९ च्या चित्रपटाने आणले. पुस्तक खुले झाले म्हणून चित्रपटातले लाल बूट आपोआप खुले होत नाहीत. विनी द पू घेणाऱ्यांनी तर दोन तारखा लक्षात ठेवाव्यात : लेखक मिल्न १९५६ साली गेले, म्हणून भारतात मजकूर २०१७ पासून खुला, पण चित्रकार शेपर्ड १९७६ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रे २०३६ संपेपर्यंत बंद.

गाणे नको. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, शब्दांची वेगळी, चालीची वेगळी. त्या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०३५ संपेपर्यंत हक्कात आहेत. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांचे शब्द २०२९ अखेरपर्यंत. ओळखीतल्या कुणाला तरी पेटीवर एक साधी, स्वतःची धून वाजवायला सांगा.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली : कॉपीराइट कायद्याचे कलम ५७. लेखकाचे नाव देणे आणि त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड न करणे, हे बंधन हक्काची मुदत संपल्यावरही राहते. सुरुवातीच्या पडद्यावर गुरुजींचे नाव ठळक द्या. दुसरी : अमेरिकेचा हिशोब निराळा आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक तिथल्या ९५ वर्षांच्या नियमाने २०३० संपेपर्यंत बंद धरायला हवे. म्हणून गेम जगभर उघडा टाकू नका. ते कसे टाळायचे ते शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न : गेममध्ये मराठी अक्षरे फुटतात. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ‘स्त्री’चे तीन तुकडे होतात. लॅपटॉपवर एकदा नीट दिसले, तर वेबवर टाकल्यावर नुसते चौकोन! काय लागलंय कळेना.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : हे तीन वेगवेगळे रोग आहेत, औषधही तीन.

वेलांटी मागे जाणे आणि जोडाक्षर तुटणे : देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरे ठेवून दिसत नाही, ती जुळवावी लागते. हे जुळवण्याचे काम इंजिनाने, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरने, करायचे असते. युनिटी आणि गोडो ही अशी दोन इंजिने. युनिटीतला अक्षरे दाखवणारा भाग, टेक्स्ट मेश प्रो, हे करत नाही, गोडोची ३ ही आवृत्तीही करत नव्हती. गोडो ४ करते. ती फुकट आहे, मुक्त परवान्याची आहे, आणि मराठी मजकूर असलेल्या छोट्या गेमसाठी आम्ही डोळे झाकून तीच सुचवू. युनिटीतच अडकला असाल तर बाजारातल्या देवनागरी जोडण्यांवर पैसे घालण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘स्त्री’, ‘वाङ्मय’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’ आणि ‘हृदय’ हे सहा शब्द लिहून पाहा. सहाही नीट आले तर पुढे जा.

चौकोन : तुम्ही गेममध्ये मराठी फॉंट घातलेलाच नाही. लॅपटॉपवर गोडो स्वतःच्या फॉंटमध्ये अक्षर न सापडल्यामुळे विंडोजच्या निर्मला फॉंटमधून उसने घेत होती. ब्राउझरमध्ये ती उसनवारी चालत नाही. फॉंटची फाइल प्रकल्पात टाका, थीममध्ये तोच मुख्य फॉंट लावा, आणि फॉंटच्या इम्पोर्टमध्ये यंत्रणेचे फॉंट वापरण्याची सोय बंद करा. बंद केली की चूक घरीच दिसते, बाजारात दिसत नाही. मुक्त परवान्यातले मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही चालतील. आकड्यांसाठी आणि सूचनांसाठी मुक्ता, गुरुजींच्या वाक्यांसाठी टिरो, ही जोडी छान बसते.

तिसरा रोग तुम्ही लिहिला नाही, पण तुम्हाला होणारच आहे. मजकूर एकेक अक्षर करून टाइप होतोय असा परिणाम सगळ्यांना हवा असतो. इंग्रजीत तो शोभतो. मराठीत ‘स्त्री’ येताना आधी ‘स’, मग ‘स्’, मग ‘स्त’, असे अक्षर डोळ्यांपुढे रूप बदलत राहते आणि ‘कि’ची वेलांटी येताना ‘क’ला ढकलून पुढे बसते. पडदा थरथरतो. गोडोत ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर’ हा पर्याय आहे. तो अक्षरे जुळवल्यानंतर दाखवण्यावर ठेवला की थरथर बरीच थांबते. त्याहून बरे म्हणजे शब्दाशब्दाने दाखवणे. एका शब्दाला १२० ते १५० मिलिसेकंद. चौथीतले मूल त्याच लयीत ओठ हलवत वाचते.

मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल (आणि हवाच, पाठ्यपुस्तकात मुले तोच पाहतात) तर टिरोमध्ये तो मुळातच आहे. नोटोमध्ये तो आत दडलेला आहे. गोडोत मजकूर दाखवणाऱ्या लेबलच्या भाषेच्या चौकटीत मराठीचा कोड दिल्याशिवाय बाहेर येत नाही. ‘दुसऱ्या’तला र लिहिताना खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या; साधा र आणि लपलेले जोडचिन्ह वापरून लिहिलेला र मजकूर इकडून तिकडे चिकटवताना हमखास ‘दुसर्या’ होतो. आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या उंचीच्या दीडपट. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो.

पिक्सेल चित्रांचा गेम करणाऱ्यांना एक इशारा : आठ पिक्सेलच्या उंचीत इंग्रजी अक्षर बसते, शिरोरेघ, वेलांटी आणि उकार यांच्यासकट मराठी बसत नाही. चित्रे ३२० बाय १८० वर काढा, पण गोडोतला स्ट्रेच मोड (चित्र पडद्याएवढे मोठे करण्याची पद्धत) ‘कॅनव्हास आयटम्स’ ठेवा. चित्रे मोठी होतात आणि अक्षरे फोनच्या पूर्ण बारकाव्याने उमटतात. ‘व्ह्यूपोर्ट’ ठेवला तर अक्षरांचाही चुरा होतो.

प्रश्न : मी जलरंगात काम करतो. माझी चित्रे गेममध्ये वापरायची आहेत. कागद किती मोठा घ्यावा? फोनने फोटो काढला तर चालेल?
– चित्रकला शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, चित्रकार आबालाल रहिमान यांच्या गावात जलरंग सोडून सरधोपट तयार चित्रे वापरायची म्हणजे करंटेपणाच. जरूर वापरा. ए-४ कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की ३५०८ बाय २४८० पिक्सेल मिळतात. आडव्या दृश्यासाठी हे पुरून उरते. फोनचा फोटो पानांच्या छोट्या चित्रांना चालेल, मोठ्या दृश्याला नाही. कडा वाकतात, आणि खिडकीकडची बाजू निळसर, दिव्याकडची पिवळी येते. फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. कागद लाटला असेल तर रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून मग स्कॅन करा, नाहीतर फुगवट्यांच्या सावल्या चित्रात येतात.

सगळे दृश्य एका कागदावर रंगवू नका. मागची ओसरी एका कागदावर, पुढचा पाट आणि पाने वेगळ्या, आई वेगळी, तिचा वाढणारा हात आणखी वेगळा. हात खांद्यापासून तोडून रंगवला तर नुसता फिरवून वाढण्याची हालचाल होते. पदराखाली येणारा भाग दोन बोटे जास्त रंगवून ठेवा. हात फिरल्यावर तिथे पांढरे दिसू लागते. सात पाने हवीत म्हणून एकच पान सातदा वापरू नका. निदान तीन वेगळी रंगवा, त्यांतले एखादे जरा किडलेले.

चित्र कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते ना? कागदाचा पांढरा रंग पारदर्शक भागात तसाच राहिलेला असतो आणि गेम चित्र लहान-मोठे करताना तो कडेच्या रंगात मिसळतो. गोडोच्या इम्पोर्टमध्ये कडा दुरुस्त करणारा ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ चालू आहे ना पाहा, आणि कापताना निवड एक-दोन पिक्सेल आत घ्या.

स्मृतीचा हिशोब मात्र डोक्यात ठेवा. पीएनजी फाइल डिस्कवर १ एमबीची दिसली तरी २०४८ बाय २०४८ चे चित्र उघडल्यावर फोनच्या स्मृतीत १६ एमबी घेते. अशी दहा म्हणजे १६० एमबी, आणि स्वस्तातला फोन तिथे गेमच बंद करून टाकतो. मागचे दृश्य १९२० पिक्सेल रुंदीवर आणा, पाने प्रत्येकी २५६ वर. डोळ्यांना फरक कळत नाही.

प्रश्न : आईचा आवाज माझ्या आजीचा घ्यायचा आहे. घरी चांगले रेकॉर्डिंग कसे करावे?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जयसिंगपूर

उत्तर : कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटाची दारे उघडा, आजींना कपड्यांकडे तोंड करून बसवा आणि मागे दोन खुर्च्यांवर गोधडी टाका. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मरतो. पंखा आणि फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, पण समोर नाही, जरा तिरका; नाहीतर प्रत्येक ‘प’ आणि ‘भ’ला फुंकर बसते. वेळ दुपारी दोन-तीनची बरी. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी हॉर्न.

सुरुवातीला दहा सेकंद कुणीच बोलू नका. ती शांतता ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडून तिच्यावरून खरखरीचा नमुना घ्यायचा आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून १२ डेसिबलच्या आसपास खरखर काढायची. त्याहून फार जास्त काढली की आजी विहिरीतून बोलल्यासारख्या वाटतात. वाक्ये सुटी सुटी घ्या, एका वाक्याची एक फाइल, प्रत्येक वाक्य तीनदा. आजींना कागद वाचायला देऊ नका. वाक्य तुम्ही सांगा आणि त्यांना त्यांच्या चालीत म्हणू द्या. वाचलेले वाक्य लगेच ओळखू येते. फाइल ओजीजी करा, एकपदरी म्हणजे मोनो. एक मिनिटाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही सुमारे १० एमबी होते, ९६ केबीपीएसची ओजीजी पाऊण एमबीच्या आत बसते.

वेबवर गेम उघडल्या उघडल्या आवाज येणार नाही. ब्राउझर बोट लागल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाही. त्यासाठी पहिल्या पडद्यावर ‘सुरू करा’ हे बटण हवेच. आणि हो, आजी घरच्याच असल्या तरी त्यांच्याकडून दोन ओळींची लेखी संमती घ्या. सादर करणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो.

प्रश्न : श्यामचे संवाद कोल्हापुरीत केले तर पोरांना जास्त आवडतील. करू का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नको. श्यामचे घर कोकणात आहे आणि गुरुजींची वाक्ये आहेत तशीच चांगली आहेत. फक्त छोटी घ्या, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नाहीत. कोल्हापुरीची हौस सूचनांमध्ये भागवा. पान फाटल्यावर ‘हळू की गा!’ असे आले तर पोरे हसतील आणि हळूही होतील. पण ही सूचना गेमची आहे, आईची नाही, हे रंगाने किंवा जागेने वेगळे दिसू द्या.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी सांभाळून हे करणार. किती वेळ धरावा? आणि मुलांकडून तपासून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?
– शाहूपुरीतले दोन वाचक

उत्तर : आठ मिनिटांचा गेम, एकाने कोड आणि एकाने चित्रे, फक्त शनिवार-रविवार : तीन महिने धरा. पहिले दोन आठवडे पुठ्ठ्याची पाने. पुढचे तीन आठवडे राखाडी गोल आणि चौकोन वापरून पान लावणे, टाका आणि आमटी एवढेच चालते करा. एकही सुंदर चित्र आत येऊ देऊ नका. सुंदर चित्र आले की वाईट खेळही बरा वाटू लागतो आणि तो सुधारायचा राहून जातो. मग चार आठवडे चित्रे आणि आवाज. उरलेला वेळ दुरुस्त्यांना. तो कधीच उरत नाही, म्हणून आधीच राखून ठेवा. गेम सेव्ह करण्याची सोय, गुणफलक, पातळ्या, नाणी हे काही करू नका. आठ मिनिटांत कोण काय सेव्ह करणार?

तपासायला पाच मुले पुरतात, पण एका वेळी एक. फोन हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. ‘तिथे दाब’ म्हणालात की ती तपासणी वाया गेली. मूल कुठे थांबते, कुठे दोनदा दाबते, कधी तुमच्याकडे बघते, तेवढे लिहून घ्या. तुमच्याकडे बघितले ती जागा दुरुस्त करायची. बटणे ९ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. पान ओढताना अंगठ्याखालीच पान झाकले जाते, ही तक्रार हमखास येते; ओढताना पान बोटाच्या जरा वर दाखवा. काही मुले दोन्ही तळहात पडद्यावर टेकवून खेळतात आणि तळहाताचा स्पर्शही बोट म्हणून मोजला जातो. पहिले बोट आणि पान फिरवणारे दुसरे सोडून बाकीचे स्पर्श सोडून द्या.

आणि मुलांना ‘आवडले का?’ विचारू नका, ते हो म्हणतात. ‘घरी सांगताना काय सांगशील?’ विचारा. आमटीची गोष्ट सांगितली तर काम झाले.

प्रश्न : तयार गेम शाळांपर्यंत कसा पोचवायचा? प्ले स्टोअरवर टाकावा का?
– शिक्षिका, पन्हाळा

उत्तर : शाळेच्या संगणकांसाठी विंडोजची फाइल करून पेनड्राइव्हवर द्या. वेबसाठी केलेल्या गेमची फाइल नुसती दोनदा क्लिक करून उघडत नाही, ब्राउझर ती अडवतो. मग ‘तुमचा गेम चालत नाही’ असे फोन येतात. गोडोत ‘कॉम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवणारी यंत्रणा) निवडा. वेबवर तोच चालतो आणि जुन्या संगणकांनाही तोच झेपतो, मात्र संगणकाला ओपनजीएल ३.३ ही चित्रे काढण्याची प्रणाली यायला हवी. ती येते का, हे आधी एका संगणकावर तपासून घ्या.

पालकांसाठी इच डॉट आयओ या गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर फुकट पान मिळते. गोडोच्या ४.३ किंवा पुढच्या आवृत्तीतून ‘थ्रेड’ हा पर्याय बंद ठेवून गेम वेबसाठी काढा, सगळ्या फाइली एका झिपमध्ये घाला आणि इंडेक्स फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर ठेवा. आतल्या फोल्डरमध्ये गेली की पान कोरे दिसते. पान ‘मर्यादित’ ठेवून पासवर्ड लावा आणि तो शाळेच्या गटावर द्या. वर सांगितलेला अमेरिकेचा प्रश्न त्याने बराच आटोक्यात येतो.

प्ले स्टोअरची घाई नको. खात्याला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण मध्येच बाहेर पडले तर मोजणी बिघडते, म्हणून पंधरा-सोळा पालक धरा. देशांच्या यादीत फक्त भारत निवडा. मुलांचे नाव, वय, फोन काहीही मागू नका आणि जाहिराती लावू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळेच ‘मूल’ धरले आहेत, आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. माहितीच घेतली नाही की फॉर्ममध्ये सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होता येते.